आत कोण बसणार?

६ जानेवारी

समुपदेशनाच्या वर्गातल्या मुलींनो आणि मुलांनो,

तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपण ऐकण्याचं काम करतो आणि लोक त्याला काम समजत नाहीत. "नुसतं बसून तर असता!" हे मी अठ्ठावीस वर्षं ऐकलं, तुम्ही सहा महिन्यांत ऐकलं असणार. डॉक्टर सुई टोचतो, ते दिसतं. वकील कागद फडकवतो, तेही दिसतं. आपण मात्र आपली खुर्ची जरा तिरकी करतो, समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, आणि ते कोणालाच दिसत नाही. न दिसो! त्या तिरक्या खुर्चीसमोर माणसं आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलली आहेत.

पण त्या खोलीत तिसरी खुर्ची आली की सगळं संपलं. मी कामाला लागले तेव्हा बाई यायची आणि तिच्याबरोबर सासू यायची, नवरा यायचा, दीर यायचा. मी विचारायचे, "झोप लागते का?" उत्तर सासूचं: "लागते की! घोरते." दुखणं बाईचं आणि जीभ घराण्याची! त्याविरुद्ध आम्ही भांडलो. वरिष्ठांशी भांडलो, दार अडवून उभ्या राहणाऱ्या नवऱ्यांशी भांडलो, आणि तुमच्या पुस्तिकेत सहावा नियम घालून घेतला: सोबत आलेल्याने बाहेर बसावे, येणाऱ्याशी एकांतात बोलावे. या एका ओळीला चार वर्षं लागली. ती सांभाळा.

चि. घाई, इथपर्यंत वर्गात मोठ्याने वाच, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस. तुझ्या बाईंनी माझ्याकडे 'दोन शब्द' मागितले होते. ती माझीच विद्यार्थिनी, तिला ठाऊक असायला हवं होतं की मला दोन शब्दांत कधीच जमलेलं नाही. गुडघा बरा आहे. तुझ्या बापाला सांग, बहिणीला फोन केल्याने दुकान बंद पडत नाही.

तुझी आत्या


१९ जानेवारी

ती. आत्या,

वाचलं. मोठ्याने वाचलं. "घोरते"ला वर्ग हसला आणि शेवटी टाळ्या पडल्या. बाईंनी चष्मा पुसला. मी सातव्या महिन्यात जन्मले म्हणून तू ठेवलेलं 'घाई' हे नाव आता अख्ख्या वर्गाला कळलंय, कारण वाचण्याच्या भरात मी "चि. घाई" पण वाचून टाकलं.

आता खरी गोष्ट. माझं प्रत्यक्ष काम सुरू झालंय. पोस्टाच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत, मधलीत मी. खाली दिवसभर शिक्के आपटत असतात. समोर कपड्यांचा कारखाना, तिथल्या बायका येतात. त्यांच्यातल्या निम्म्या डोंगरापलीकडच्या खोऱ्यातल्या, गेल्या दहा वर्षांत कामासाठी इकडे आलेल्या. बोलतात आपलीच भाषा, पण दोन वाक्यांमध्ये इतका वेळ घेतात की आपल्याला वाटतं संपलं. आमच्या वर्गात त्यांच्यापैकी एकही नाही आणि पुस्तिकेत त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.

नियम तीनप्रमाणे नावं लिहीत नाही. एक कॉलरवाली आहे, म्हणजे कॉलर शिवते. तीस-बत्तीसची असेल. बाळ गेलं, जन्मल्यावर लगेच. तेव्हापासून झोप नाही, मशिनवर शिवण तिरकी जाते, म्हणून कारखान्याच्या नर्सने पाठवलं. नणंद बरोबर असते. मी नियमाप्रमाणे नणंदेला बाहेरच्या बाकावर बसवते. तीन भेटी झाल्या. दर भेटीत पाऊण तास कॉलरवाली टेबलाच्या कडेकडे बघत बसते आणि एक शब्द बोलत नाही. मी वहीत 'सहकार्य नाही' असं लिहिलंय.

काल निघताना नणंद म्हणाली, "ताई, तिचं ती कशी सांगणार?" मी म्हटलं, "तिच्याशिवाय कोण सांगणार?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी.

काय करू?

घाई


२७ जानेवारी

चि. घाई,

आधी 'सहकार्य नाही' खोड. ती बाळ गमावून आली आहे, तुझ्याशी सहकार्य करायला आलेली नाही. 'अजून बोललेली नाही' असं लिही.

दुसरं, नणंदेला आत घेऊ नकोस. अगं, नणंद! जात्यापासून मशिनपर्यंत सगळं बदललं, नणंद बदलली असं माझ्या ऐकिवात नाही. (मी तुझ्या आईची नणंद आहे, तेव्हा मला अधिकार आहे.) "तिचं ती कशी सांगणार" हे वाक्य मी हजार तोंडांतून ऐकलंय आणि दर वेळी त्याचा अर्थ एकच निघाला: तिने सांगू नये. तू वाट बघ. गप्प बसलेल्या माणसासमोर बसून राहता येणं हेच आपलं शिक्षण.

तुझी आत्या


१६ फेब्रुवारी

ती. आत्या,

रागावणार आहेस, म्हणून एका दमात सांगते. मी नियम मोडला.

पाचव्या भेटीपर्यंत वाट पाहिली. पाचव्या भेटीला कॉलरवाली दारातूनच परत फिरायला लागली. नणंद तिला म्हणाली, "चल, इथे काही उपयोग नाही." ते ऐकून मीच बाकाजवळची खुर्ची उचलून आत आणली.

नणंद बसली आणि सांगायला लागली. माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत. "हिला मुलगी झाली. पावसाळ्यात झाली." कॉलरवाली टेबलाकडे बघत म्हणाली, "थंडीत." महिनाभरात तिचा पहिला शब्द, आत्या! नणंद लगेच, "हो, थंडीत. बाळ अशक्त होतं." ती म्हणाली, "नव्हतं. रडणं खणखणीत होतं." नणंद म्हणाली, "दोन दिवस जगलं." कॉलरवालीने मान वर केली. "तीन," ती म्हणाली. "तीन दिवस. तिसऱ्या दिवशी दूध प्याली." आणि मग ती जी बोलायला लागली ती पाऊण तास थांबली नाही. नणंद मध्ये एक शब्द बोलली नाही.

नंतर बाहेर मी नणंदेला विचारलं, "तुम्हाला दिवस आठवत नव्हते?" ती म्हणाली, "मीच तर बाळाला न्हाऊ घातलं होतं. मला आठवणार नाही?" मुद्दाम चुकत होती! त्यांच्यात स्वतःचं दुःख स्वतः मांडत नाहीत, ते लोकांपुढे हात पसरल्यासारखं वाटतं. जवळचं माणूस सांगतं, आणि मुद्दाम चुकीचं सांगतं. ज्याचं दुःख तो दुरुस्त करतो. दुरुस्त करता करता तोच सांगायला लागतो.

बाई त्या दिवशी तपासणीला आल्या होत्या, दाराच्या काचेतून बघत होत्या. वहीत लाल शेरा आहे: 'नियम ६ चा भंग.' तीस एप्रिलला, मंगळवारी, तीन जणांच्या समितीपुढे एक केस मांडायची असते. त्यावर प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रावर इथली नोकरी. शेऱ्यासकट उभी राहिले तर कठीण आहे, असं बाईंनी सांगितलं. नाहीतर मी आणि बाबांचं दुकान. दिवसभर नळाच्या तोट्या!

नियम तुझा आहे. तू समितीला दोन ओळी लिहिल्यास तर कोण काय बोलणार?

घाई


२४ फेब्रुवारी

चि. घाई,

नाही लिहिणार.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. "तीन" या शब्दाशी दोन्ही वेळा थांबले, ते कबूल करते. पण एका भल्या नणंदेवरून तू दार उघडलंस, आणि उघड्या दारातून फक्त भली माणसं येत नाहीत. 'त्यांच्यात असंच असतं' हे वाक्य फार गोड लागतं. माझ्या काळात 'आपल्यात असंच असतं' म्हणायचे. त्या वाक्याखाली काय काय झाकलं गेलं ते मला विचार.

केस मांड, बाजू मांड. मला मध्ये घेऊ नकोस.

आत्या


१० मार्च

ती. आत्या,

'तुझी' गाळून नुसतं 'आत्या' लिहिलंस, ते दिसलं. असू दे.

कॉलरवाली आता चार-पाच तास झोपते. परवा हसली. माझ्या खुर्चीचा एक पाय हलतो आणि मी दर भेटीत डुलते, हे ती पहिल्या दिवसापासून बघत होती म्हणे!

आणि ऐक, मी वर्गात या विषयावर अर्धा तास बोलले. तक्ता केला. डाव्या बाजूला 'कुठून आलेले', उजव्या बाजूला 'काय करावे'. खोऱ्यातल्यांसमोर लिहिलं: 'सोबत्याला आत घ्यावे.' बंदरावरच्या वस्तीतल्यांसाठी, जुन्या गावातल्यांसाठी, सगळ्यांसाठी एकेक ओळ. मुलांनी त्याच्या प्रती काढल्या. बाईसुद्धा म्हणाल्या, "विचार करण्यासारखं आहे." तुझ्या भाचीचा तक्ता भिंतीवर लागलाय!

गेल्या आठवड्यात खोऱ्यातलीच आणखी एक आली. एकोणीस वर्षांची, बटणं लावते. जेवत नाही, कामावर चक्कर येऊन पडली. बरोबर थोरली जाऊ. या वेळी मी शहाणी, त्यांनी म्हणायच्या आतच दुसरी खुर्ची मांडून ठेवली होती. जाऊ चांगली बोलकी. घर कसं, माणसं कशी, हिला माहेरची आठवण येते, लहान आहे, रुळेल, सगळं नीट सांगितलं. बटणवाली शांतपणे ऐकत होती. दोन्ही भेटी इतक्या सुरळीत झाल्या की मला वाटलं, आता मला हे काम जमायला लागलं.

घाई


१८ मार्च

चि. घाई,

तक्त्याबद्दल नंतर भांडू. आज एकच विचारते.

त्या बटणवालीने जावेचं काय काय दुरुस्त केलं?

तुझी आत्या


९ एप्रिल

चि. घाई,

तीन आठवडे झाले. तुझ्या बापाला फोन केला तर म्हणाला, "ठीक आहे ती, जरा कमी बोलते." म्हणजे ठीक नाही. जन्मल्यापासून तू कधी कमी बोलली नाहीस.

तू का गप्प आहेस त्याचा मला अंदाज आहे. तेव्हा तुझ्याआधी मीच बोलते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. इतकी भाषणं केली, त्यांतल्या एकातही नाही.

माझं पहिलं वर्ष. एक बाई यायची, सासूबरोबर. हाताला भाजल्याच्या खुणा. माझे वरिष्ठ म्हणाले, "सासूला दुखवू नका, आपल्यात घरचीच माणसं बोलतात." मला ते शहाणपणाचं वाटलं. चार भेटी मी सासूला विचारलं आणि सासूने सांगितलेलं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. चौथ्या भेटीत लिहिलं: 'सुधारणा आहे.' पाचव्या भेटीला कोणी आलं नाही. मी घरी गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, "तिला पाठवून दिलं." कुठे? तिला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. मी दोन वर्षं शोधलं.

सहावा नियम मी सासवांविरुद्ध लिहिला, असं लोकांना सांगत आले. मी तो माझ्याविरुद्ध लिहिला होता. माझ्यावर विश्वास राहिला नव्हता, म्हणून प्रत्येकासाठी दार बंद करून टाकलं. त्या बंद दाराबाहेर तुझ्या कॉलरवालीसारख्या किती जणी गप्प परत गेल्या असतील, याचा हिशोब तुझं 'तीन' वाचेपर्यंत मी कधी मांडलाच नव्हता.

आता तू बोल. काय झालं?

तुझी आत्या


२० एप्रिल

ती. आत्या,

काही नाही. हेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बटणवालीने काहीच दुरुस्त केलं नाही. दोन भेटींत एक शब्द नाही. माझ्याच वहीत मी लिहिलं होतं: 'कथनाशी सहमत.'

तुझं त्या एका प्रश्नाचं पत्र आलं त्या दिवशी मी कॉलरवालीच्या नणंदेला गाठलं. कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहून तिने मला झापलं, आत्या, अगदी तुझ्यासारखं. "दुरुस्त केलं नाही आणि तुम्ही ऐकत बसलात? आमच्यात समोरचा दुरुस्त करत नसेल तर सांगणारा थांबतो, उठून जातो. त्याचा अर्थ, चुकीचं माणूस सांगतंय. आणि कोणाला आणायचं ते जिचं दुःख ती ठरवते. तुम्ही कोण खुर्ची मांडणाऱ्या?" मी म्हटलं, "मला वाटलं, तुमच्यात—" ती म्हणाली, "आमच्यात! आमच्यात काय सगळ्या जावा एका साच्यातल्या असतात? तुमच्यात असतात का?"

तिसऱ्या भेटीला बटणवाली आली नाही. जावेने निरोप पाठवला: बरी आहे, आता गरज नाही. पंधरा दिवस मी रोज पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. तुला काय लिहू? मग तुझं नऊ तारखेचं पत्र आलं. ते वाचून मी रडले नाही, चपला घातल्या.

जाऊ कारखान्यात नसते, एवढी एकच वाट उघडी होती. नर्सला सगळं सांगितलं. बटणं लावणाऱ्यांची बोटं रोज टोचतात, रोज कोणीतरी पट्टी बांधायला येतं. तीन दिवस दुपारच्या सुट्टीत मी पट्टीच्या खोलीत बसले. चौथ्या दिवशी ती आली. नर्स बाहेर गेली. मी म्हटलं, "मागच्या वेळी मी तुला न विचारता खुर्ची मांडली. चुकलं माझं. तुला बोलायचं असेल तर आत कोण बसावं? कोणी नको असेल तरी चालेल." तिने बोटाला स्वतःच पट्टी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. तेवढा वेळ थांबायला मी आता शिकले आहे. मग तिने नाव घेतलं ते कॉलरवालीचं.

नणंद नाही, आई नाही, एकटी नाही. कॉलरवाली! दोघी एका ओळीत बसून काम करतात एवढीच ओळख. पुस्तिकेत हे उत्तर नव्हतं, माझ्या तक्त्यातही नव्हतं.

कॉलरवालीला विचारलं. ती म्हणाली, "मला सांगता येईल का?" आणि आली. कामावर कानी पडलं होतं त्यावरून, भिंतीकडे बघत म्हणाली, "हिची जाऊ हिला आठवड्यातून एकदा आईशी बोलू देते." बटणवाली म्हणाली, "नाही देत." "कामावरून आली की खोलीचं दार नुसतं ओढून घेतात." "कडी लावतात. बाहेरून." मी मोजत होते. सात दुरुस्त्या. सातवीनंतर कॉलरवाली थांबली आणि ती मुलगी एकटी बोलली, पूर्ण तासभर.

सध्या ती कॉलरवालीच्या घरी आहे. आईला कळवलंय, ती आठवडाभरात पोचते. पुढे काय करायचं ते दोघी ठरवतील. जाऊ एकदा फाटकावर येऊन गेली. कॉलरवालीची नणंद तिच्याशी काय बोलली कोणास ठाऊक, पुन्हा आली नाही.

तक्ता मी भिंतीवरून काढला. प्रती मात्र फिरताहेत.

आता तीस तारीख. कॉलरवालीला आणि बटणवालीला, दोघींना विचारलं, दोघींची नाव न घेता मांडायला हरकत नाही. कॉलरवालीची केस स्वच्छ आहे. नियम मोडला खरा, पण गुण आला. बाईंचंही म्हणणं तेच, "ती मांडा, बटणवालीचं मध्ये आणू नका. त्यात तुमची चूक आहे." आणि तू समितीला लिहिलंस की सहावा नियम आता तुलाही पटत नाही, तर मी सहज सुटते. या वेळी तरी लिहिशील?

घाई


२५ एप्रिल

चि. घाई,

समितीला पत्र लिहिलंय. त्यात तुझा उल्लेख नाही. सहावा नियम काढा एवढंच लिहिलंय, आणि का काढा ते नऊ तारखेच्या पत्रात तुला लिहिलं तसंच्या तसं, भाजलेल्या हातासकट. तुला सोडवायला लिहिलेलं नाही. माझं देणं होतं, ते दिलं. ते पत्र तीस तारखेच्या बैठकीनंतर उघडावं, असं पाकिटावर लिहिलंय. तेव्हा त्याच्या आड लपता येणार नाही.

आता तुझं. मी एका चुकीतून नियम केला आणि तू एका यशातून तक्ता केलास. दोघींनी एकच गोष्ट टाळली: समोर बसलेल्या बाईला विचारणं. मला वाटलं, सगळ्या बायकांचं मला कळतं. तुला वाटलं, सगळ्या खोऱ्याचं तुला कळतं. माणसं डोंगरापलीकडून येवोत नाहीतर शेजारच्या गल्लीतून, ती एकेकटी येतात गं! त्यांचे लोक कसे वागतात ते जरूर शिक, शिकली नसतीस तर 'तीन' तुला ऐकूच आलं नसतं. पण ते शिकायचं कशासाठी? चांगला प्रश्न विचारता यावा म्हणून. उत्तर आधीच मांडून ठेवण्यासाठी नाही.

तुझ्या बाई म्हणतात, स्वच्छ केस मांड. त्यांना माझा नमस्कार सांग आणि विचार, की या धंद्यात स्वच्छ केस कोणी पाहिली आहे? तुझ्या तक्त्याच्या प्रती तीस मुलांच्या वह्यांत आहेत. उद्या त्यांतला एखादा कुठल्यातरी जावेसाठी खुर्ची मांडेल आणि वहीत लिहील: 'कथनाशी सहमत.' कॉलरवालीची केस मांडलीस तर तो तक्ता खरा ठरेल. तो खोटा पाडायला एकच केस आहे, आणि ती तुझ्याकडे आहे. प्रमाणपत्र जाईल? जाऊ शकतं. मी खोटा धीर देणार नाही. नळाच्या तोट्या विकून माणूस मरत नाही, तुझा बाप तीस वर्षं विकतोय. पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल. ती मुलगी मात्र त्या कडीमागे पुन्हा एक वर्ष काढू शकली नसती, आणि तिच्यासारख्या अजून आहेत.

म्हणून मंगळवारी बटणवालीची केस मांड. पहिल्या वाक्यातच चूक सांग. शेवटी नको, मध्ये नको, 'अनुभवातून शिकायला मिळालं' असल्या गोधडीत गुंडाळून नको. तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना मागच्या बाकांवर बोलावून घे, आपापल्या वहीतला तक्ता घेऊन. उभी राहा, घाई करू नकोस, आणि म्हण: "हिच्याबरोबर आत कोण बसणार, हे मी हिला न विचारता ठरवलं."

तुझी आत्या